ध्वनिमुद्रिकांच्या निर्मितीतील पारदर्शकता

ध्वनिमुद्रिकांच्या निर्मितीतील पारदर्शकता म्हणजे एखादी तबकडी कोणत्या मूळ सामग्रीवरून, कोणत्या टप्प्यांतून आणि कोणत्या साधनांनी तयार झाली याची खरी व पुरेशी माहिती निर्मात्याने ग्राहकाला देणे. विनाइल तबकड्यांचे संग्राहक, ध्वनिअभियंते आणि तबकड्या काढणाऱ्या कंपन्या यांच्यात या विषयावर दीर्घकाळ वाद चालत आला आहे. इ.स. २०२२ मध्ये अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी साउंड लॅब या कंपनीच्या महागड्या तबकड्यांवरून हा वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. तबकडीचा आवाज चांगला की वाईट, हा या वादाचा केवळ एक भाग आहे. वेष्टनावर जे छापले आहे ते खरे आहे का आणि जे छापलेले नाही ते जाणूनबुजून वगळले आहे का, हे प्रश्न त्याच्या मुळाशी आहेत.

महाराष्ट्रात हा विषय केवळ शौकिनांपुरता मर्यादित नाही. कोल्हापूरच्या दरबारी आश्रयाने बहरलेल्या जयपूर-अत्रौली घराण्यासारख्या परंपरांचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर जुन्या तबकड्यांच्या आधारे होतो. अशी तबकडी चुकीच्या गतीने उतरवून घेतली किंवा तिच्यावर केलेले संस्कार लपवले, तर ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचणारा गायकच वेगळा ठरतो.

तबकडी तयार होण्याची प्रक्रिया

हा वाद समजून घेण्यासाठी लाँग-प्ले तबकडी कशी तयार होते हे माहीत असणे आवश्यक आहे. तिचे मुख्य टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१. मूळ फीत : गायन-वादन चुंबकीय फितीवर मुद्रित केले जाते. संकलन व संतुलन यांनंतर तयार होणाऱ्या अंतिम फितीला मास्टर किंवा मातृफीत म्हणतात.

२. लॅकर कोरणे : मातृफीत वाजवून तिचा संकेत कर्तनयंत्राकडे पाठवला जातो. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा मऊ थर असतो. कर्तनयंत्राची तापवलेली सुई त्या थरात सलग सर्पिल खाच कोरते. या चकतीला लॅकर म्हणतात.

३. धातूचे साचे : लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन विद्युत-विलेपनाने निकेल चढवले जाते. निकेलचा हा थर सोडवला की खाचांच्या जागी उंचवटे असलेला उलटा साचा मिळतो. त्याला फादर म्हणतात. फादरवरून मदर हा सुलटा साचा आणि मदरवरून स्टॅम्पर हे उलटे छापसाचे तयार करतात.

४. छपाई : दोन स्टॅम्परांमध्ये तापवलेला विनाइलचा गोळा दाबून तबकडी छापली जाते. एका स्टॅम्परमधून साधारणतः हजारभर तबकड्या चांगल्या निघतात; त्यानंतर साच्याची झीज जाणवू लागते.

एका फादरवरून अनेक मदर आणि प्रत्येक मदरवरून अनेक स्टॅम्पर करता येतात. त्यामुळे एकाच लॅकरपासून हजारो तबकड्या निघतात. मात्र प्रत्येक नकलेत मूळ खाचेतील सूक्ष्म तपशील थोडासा कमी होतो असे मानले जाते. म्हणून काही कंपन्या फादरलाच स्टॅम्पर म्हणून वापरतात आणि मधले दोन टप्पे गाळतात. या पद्धतीला वन-स्टेप म्हणतात. ती खर्चिक असते, कारण प्रत्येक लॅकरपासून मोजक्याच तबकड्या मिळतात आणि मोठ्या आवृत्तीसाठी लॅकर पुन्हापुन्हा कोरावे लागते.

ॲनालॉग आणि डिजिटल

मातृफितीवरील चुंबकीय चढउतार आणि तबकडीच्या खाचेतील वळणे ही दोन्ही ध्वनिलहरीची सलग प्रतिरूपे आहेत. फितीपासून सुईपर्यंतचा सगळा प्रवास अशा सलग रूपात झाला, तर त्या तबकडीला पूर्णतः ॲनालॉग म्हणतात. मध्ये कोठेही ध्वनीचे आकड्यांत रूपांतर झाले, तर त्या प्रवासात डिजिटल टप्पा आला असे समजले जाते. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा आणि १६ बिटांत केले जाते. डीएसडी या पद्धतीत प्रत्येक मोजमाप एकाच बिटाचे असते. पण तिच्या २५६ पट या प्रकारात ते सेकंदाला सुमारे १ कोटी १२ लाख ९० हजार वेळा घेतले जाते.

डिजिटल टप्पा पूर्वापार कमी प्रतीचा मानला गेला, असे नाही. १९७० च्या दशकात जपानच्या डेनॉन कंपनीने डिजिटल ध्वनिमुद्रणावरून तबकड्या काढल्या. १९७९ मध्ये राय कूडर या अमेरिकन गायक-वादकाची पूर्णतः डिजिटल मुद्रित तबकडी आली. त्या काळात वेष्टनावरील ‘डिजिटल’ हा शब्द गौरवाचा होता. १९८० च्या दशकात कॉम्पॅक्ट डिस्कवर तीन अक्षरी संकेत छापण्याची पद्धत आली. मुद्रण, संमिश्रण आणि अंतिम संस्करण हे टप्पे ॲनालॉग झाले की डिजिटल, हे त्यावरून कळत असे. हा संकेत अपुरा असल्याची टीका झाली. तरी निर्मितीच्या टप्प्यांची माहिती ग्राहकाला देण्याचा तो एक जुना, व्यापक प्रयत्न होता.

पुढे विनाइल तबकड्यांचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा परिस्थिती उलटली. अनेक खरेदीदार डिजिटल टप्पा टाळण्यासाठीच तबकडीकडे वळले आणि ‘पूर्णतः ॲनालॉग’ या शब्दांना बाजारात किंमत आली. ज्या शब्दाला किंमत येते त्याचा सैल वापर होण्याचा धोका वाढतो. पारदर्शकतेच्या प्रश्नाला आजचे तीव्र स्वरूप येण्यामागे हे महत्त्वाचे कारण आहे.

लाखेच्या तबकड्यांचा काळ

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ इ.स. १९०२ मध्ये कलकत्ता येथे फ्रेडरिक गाइसबर्ग यांनी केलेल्या मुद्रणांनी झाला. गौहर जान या त्या वेळच्या प्रमुख कलावंत होत. तबकड्यांची छपाई त्या वेळी जर्मनीतील हॅनोव्हर येथे होत असे. मुद्रणाच्या शेवटी गायक स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. दूरदेशी छापखान्यात लेबल लावताना गायकाची ओळख चुकू नये, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. तबकडीने स्वतःविषयी माहिती देण्याचा हा एक आरंभीचा प्रकार म्हणता येईल. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे छपाई सुरू झाली आणि १९२८ मध्ये हा उद्योग डमडम येथे हलला.

या काळात फीत नव्हती. गायक कर्ण्यासमोर गात असे आणि त्याच्या आवाजाच्या दाबाने सुई थेट मेणाच्या चकतीत खाच कोरी. १९२५ नंतर मायक्रोफोन व विद्युत-मुद्रण आले. तरीही प्रत्यक्ष गायनातूनच चकती कोरली जाई. त्यामुळे मधल्या टप्प्यांविषयी प्रश्न उद्भवत नव्हता. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे सव्वातीन मिनिटे मिळत आणि तेवढ्या अवधीत रागाची मांडणी करावी लागे. मात्र एक महत्त्वाची गोष्ट बहुतेक लेबलांवर छापलेली नसे. ती म्हणजे मुद्रणाच्या वेळची नेमकी गती.

गतीचा प्रश्न

लाखेच्या तबकड्यांना सरसकट ‘७८ गतीच्या’ म्हटले जाते. परंतु आरंभीच्या दोन-अडीच दशकांत मिनिटाला ७८ फेरे हा सर्वमान्य नियम नव्हता. मुद्रणयंत्राची गती कंपनीनुसार, मुद्रणाच्या सत्रानुसार आणि काही वेळा एकाच सत्रात बदलत असे. विजेवर चालणारी यंत्रे आल्यावर ७८ च्या आसपासची गती स्थिरावली. तीही विजेच्या वारंवारतेप्रमाणे किंचित वेगळी, म्हणजे कोठे ७८.२६ तर कोठे ७७.९२ अशी होती.

गतीतील लहान फरकाचा परिणाम मोठा असतो. गती सुमारे ६ टक्क्यांनी वाढली की स्वर अर्ध्या सुराने चढतो. समजा, एखाद्या गायकाने काळी चार या पट्टीत गायन केले आणि त्याची तबकडी ७३.६ गतीने कोरली गेली. ती आज ७८ गतीने वाजवली तर पट्टी पांढरी सहा होते. तीन मिनिटांचे गायन १० सेकंद आधीच संपते, लय वाढते, ताना अधिक वेगवान वाटतात आणि आवाजाचा पोत पातळ होतो. विद्यार्थी ती तान ऐकून तिचा सराव करू लागला, तर गायकाने कधीच न घेतलेल्या लयीत तो सराव होतो.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात प्रमाण स्वर ठरलेला असल्याने गतीचा अंदाज बांधणे तुलनेने सोपे जाते. हिंदुस्थानी संगीतात षड्ज गायकाच्या सोयीने ठरतो. त्यामुळे संग्राहक व अभ्यासक इतर पुराव्यांचा आधार घेतात. साथीला हार्मोनियम असेल तर तिचा स्वर पट्टीशी जुळवून पाहता येतो. पण जुन्या हार्मोनियम एकाच प्रमाणावर लावलेल्या नसत, म्हणून हा पुरावाही निर्णायक नसतो. त्याच गायकाच्या त्याच सत्रातील इतर तबकड्या, त्याची मैफलीतील नेहमीची पट्टी आणि आवाजातील कंपनांची स्वाभाविकता यांचा एकत्रित विचार करून गती ठरवावी लागते. ती अखेर अनुमानानेच ठरत असल्याने पुनर्मुद्रण करणाऱ्याने कोणती गती धरली आणि का, हे नोंदवणे अत्यावश्यक ठरते.

कोल्हापूर आणि जयपूर-अत्रौली घराणे

छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँ १८९५ पासून कोल्हापूर दरबारी गायक होते. महाराजांचे १९२२ मध्ये निधन झाल्यावर ते मुंबईस गेले आणि १९४६ मध्ये तेथेच निवर्तले. कोल्हापुरात १८८३ मध्ये स्थापन झालेली गायन समाज देवल क्लब ही संस्था शहराच्या सांगीतिक जीवनाचे केंद्र होती. अल्लादिया खाँ यांची गायकी भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे शिष्य आणि मंजी खाँ व भुर्जी खाँ हे पुत्र यांच्याद्वारे पुढे गेली. मल्लिकार्जुन मन्सूर यांना मंजी खाँ व त्यांच्यानंतर भुर्जी खाँ यांची तालीम मिळाली. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांनी भुर्जी खाँ आणि नंतर केसरबाई यांच्याकडे शिक्षण घेतले.

अल्लादिया खाँ यांची व्यापारी तबकडी प्रसिद्ध झाली नाही. त्यांचे गायन प्रत्यक्ष ऐकलेली पिढी गेल्यानंतर त्याविषयीचे ज्ञान तीन मार्गांनी उरले : गुरुमुखातून आलेली तालीम, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांचे लेखन आणि खाँसाहेबांनी नातू अझिझुद्दीन खाँ यांना सांगितलेल्या आठवणी, आणि शिष्यांच्या तबकड्या. या तिसऱ्या मार्गामुळे केसरबाई, मोगूबाई व मन्सूर यांच्या ७८ गतीच्या तबकड्यांना मनोरंजनापलीकडे दस्तऐवजाचे मूल्य आले. या घराण्याच्या गायकीत विलंबित लयीचे वजन, लयीशी बांधलेला आलाप आणि दीर्घ दमाची गुंतागुंतीची तान यांना विशेष स्थान आहे. लय आणि दम यांचा नेमका हिशेब हाच या गायकीचा आधार असल्याने चुकीच्या गतीची हानी येथे अधिक जाणवते.

दुसरी अडचण आवाजाच्या शुद्धीकरणाची आहे. जुन्या तबकडीतील खरखर घालवण्यासाठी उच्च वारंवारतेचे ध्वनी गाळले जातात. तानपुऱ्याच्या जव्हारीतून उमटणारे सूक्ष्म स्वरही त्याच पट्ट्यात असतात. गाळणी अधिक झाली तर खरखरीबरोबर तानपुऱ्याची आसही जाते आणि गायकाचा आवाज निर्जीव पोकळीत लटकल्यासारखा वाटतो. अशा पुनर्मुद्रणाच्या वेष्टनावर केवळ ‘सुधारित ध्वनी’ असे छापलेले असेल, तर काय सुधारले आणि त्यासाठी काय गमावले हे श्रोत्याला कळत नाही.

तिसरी अडचण खासगी मैफलींच्या फितींची आहे. एका रसिकाकडून दुसऱ्याकडे नकला होत जाताना प्रत्येक फीतयंत्राच्या गतीतील दोष पुढील नकलेत उतरतो. अशा फितीवरून नंतर तबकडी किंवा सीडी निघते, तेव्हा ती मूळ फितीवरून केली की कितव्या नकलेवरून, ही माहिती क्वचितच दिली जाते.

कृत्रिम स्टिरिओ

१९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्यानंतर आधीची मोनो मुद्रणे जुनाट वाटू लागली. कंपन्यांनी एकाच मोनो संकेताचे उच्च व नीच वारंवारतेचे भाग दोन बाजूंना विभागून किंवा एका बाजूस किंचित विलंब देऊन कृत्रिम स्टिरिओ तयार केले. अमेरिकेतील कॅपिटल कंपनीने १९६१ पासून ‘ड्युओफोनिक’ या नावाने अशा तबकड्या विकल्या. काही वेष्टनांवर प्रक्रियेचा उल्लेख बारीक अक्षरांत असे, तर ‘स्टिरिओ’ हा शब्द ठळक अक्षरांत. आज यातील बहुतेक प्रयोग मूळ मुद्रणाची विकृती मानले जातात आणि संग्राहक मूळ मोनो आवृत्ती शोधतात. उल्लेख असूनही तो ग्राहकाच्या नजरेत भरू नये अशा रीतीने करणे प्रामाणिक ठरते का, हा प्रश्न या प्रकारामुळे प्रथम ठळकपणे पुढे आला.

मोबाइल फिडेलिटी प्रकरण

मोबाइल फिडेलिटी साउंड लॅब ही कंपनी १९७७ पासून जाणकार श्रोत्यांसाठी पुनर्मुद्रणे काढत आहे. तिच्या वेष्टनाच्या माथ्यावर ‘ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग’ ही पट्टी असते. कंपनीने २०१६ पासून वन-स्टेप पद्धतीची महाग मालिका सुरू केली. या मालिकेतील संचांची किंमत १२५ डॉलरच्या घरात होती. वेष्टनासोबत दिलेल्या आकृतीत नेहमीची तीन साच्यांची पद्धत आणि वन-स्टेप पद्धत यांची तुलना होती. मात्र फीत व लॅकर यांच्यामधील डिजिटल टप्प्याचा उल्लेख नव्हता.

२०२२ मध्ये कंपनीने मायकल जॅक्सन यांच्या ‘थ्रिलर’ या तबकडीची ४०,००० प्रतींची वन-स्टेप आवृत्ती जाहीर केली. जाणकारांना येथे हिशेबाची विसंगती दिसली. वन-स्टेपमध्ये एका लॅकरपासून हजारभर तबकड्या मिळतात असे धरले, तर ४०,००० प्रतींसाठी प्रत्येक बाजूची सुमारे ४० लॅकर कोरावी लागतील. प्रत्येक लॅकरसाठी मूळ फीत वाजवायची झाल्यास ती तितक्याच वेळा यंत्रातून फिरवावी लागेल. इतकी मौल्यवान आणि झिजणारी फीत तिचा मालक अशा वापरासाठी देणे जवळजवळ अशक्य होते. म्हणजेच मध्ये कोठेतरी फितीची प्रत घेतली जात असली पाहिजे.

जुलै २०२२ मध्ये ॲरिझोनातील फिनिक्स शहराच्या एका रेकॉर्ड-विक्रेत्याने कंपनी डिजिटल प्रतीवरून लॅकर कोरत असल्याचे सार्वजनिकरीत्या सांगितले. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीच्या कॅलिफोर्नियातील कार्यशाळेत जाऊन त्याने अभियंत्यांची चित्रित मुलाखत घेतली. अभियंत्यांनी डीएसडी प्रतींचा वापर मान्य केला. मातृफिती मालक-कंपन्यांच्या कोठाराबाहेर पाठवल्या जात नाहीत. म्हणून तेथेच उपकरणे नेऊन उच्च दर्जाची डिजिटल प्रत घेतली जाते आणि लॅकर त्या प्रतीवरून कोरले जाते, असे त्यांनी स्पष्ट केले. ही पद्धत २०११ पासून वापरात असल्याचे आणि कंपनीच्या त्यानंतरच्या निम्म्याहून अधिक आवृत्त्या तिच्याद्वारे निघाल्याचे पुढे उघड झाले. कंपनीच्या प्रमुखांनी अस्पष्ट भाषेबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

ऑगस्ट २०२२ मध्ये ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. २०२३ मध्ये सुमारे अडीच कोटी डॉलर मूल्याच्या तडजोडीची योजना पुढे आली. तिच्यात तबकडी परत करून पूर्ण रक्कम घेण्याचा, किंवा ती ठेवून अंशतः भरपाई घेण्याचा पर्याय ग्राहकांना होता. हे प्रकरण उघड झाल्यानंतर कंपनी प्रत्येक आवृत्तीच्या माहितीत मूळ फितीचा प्रकार, फितीची गती आणि मधली डिजिटल प्रत यांचा क्रमवार उल्लेख करू लागली.

वादातील भूमिका

या प्रकरणानंतर संग्राहकांमध्ये प्रामुख्याने तीन भूमिका दिसून आल्या.

पहिली भूमिका कानाला प्रमाण मानणाऱ्यांची आहे. या तबकड्या डिजिटल टप्प्यातून आल्या होत्या तरी अनेक वर्षे त्यांची गणना उत्तम तबकड्यांत झाली, आणि डिजिटल आवाज लगेच ओळखू येतो असे सांगणाऱ्या श्रोत्यांनाही तो टप्पा ओळखता आला नाही. त्यामुळे ॲनालॉगच्या श्रेष्ठत्वाचा दावा दुबळा ठरला आणि ग्राहकाचे नुकसान झाले नाही, असे हा पक्ष म्हणतो.

दुसरी भूमिका सत्यकथनाला प्रमाण मानणाऱ्यांची आहे. फरक ऐकू येत नाही म्हणून खोटे सांगण्याची मुभा मिळत नाही, असे तिचे म्हणणे आहे. पैठणी हातमागावर विणल्याचे सांगून यंत्रमागावरची विकली आणि घेणाऱ्याच्या लक्षात आले नाही, तरी व्यवहार खोटाच राहतो. ग्राहकाने आवाजाबरोबर निर्मितीच्या एका विशिष्ट पद्धतीसाठीही किंमत मोजलेली असते. शिवाय मूळ फितीशी थेट नाते असलेल्या आवृत्त्या मर्यादित निघतात या समजुतीवर जुन्या तबकड्यांच्या बाजारातील भाव अवलंबून असतात.

तिसरी भूमिका अभियंते व जतनतज्ज्ञ यांच्यात आढळते. जीर्ण फीत वारंवार वाजवण्यापेक्षा तिची एक उत्तम डिजिटल प्रत घेणे हे फितीच्या रक्षणासाठी अधिक योग्य आहे, असे ते मानतात. त्यांच्या मते कंपनीने वापरलेली पद्धत समर्थनीय होती. दोष होता तो ती न सांगण्यात. सुरुवातीलाच कारणासह माहिती दिली असती, तर पद्धतीचे गुणदोष मोकळेपणाने तपासले गेले असते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक कर्तनयंत्रांत खाचांमधील अंतर राखण्यासाठी डिजिटल विलंबयंत्रे वापरली जात होती. म्हणजे ॲनालॉग समजल्या जाणाऱ्या बऱ्याच जुन्या तबकड्याही डिजिटल टप्प्यातून गेलेल्या आहेत, हेही ते निदर्शनास आणतात.

भारतीय कायद्यातील तरतुदी

तबकडीच्या निर्मितीचा प्रत्येक टप्पा वेष्टनावर छापण्याची सक्ती भारतीय कायद्यात नाही. तथापि काही तरतुदी या विषयाशी निगडित आहेत.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ यामध्ये १९८४ च्या दुरुस्तीने कलम ५२अ समाविष्ट झाले. त्यानुसार ध्वनिमुद्रिकेवर व तिच्या वेष्टनावर ती तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, प्रताधिकारधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे आवश्यक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१क जुन्या गीताची दुसऱ्या गायकाच्या आवाजातील आवृत्ती काढण्याविषयी आहे. अशा आवृत्तीच्या वेष्टनाने लोकांची दिशाभूल होता कामा नये, त्यावर मूळ गायकाचे नाव किंवा चित्र असता कामा नये आणि ती नवी आवृत्ती असल्याचे वेष्टनावर नमूद असले पाहिजे, असे ते सांगते. १९८० च्या दशकात कॅसेटच्या प्रसाराबरोबर अशा आवृत्त्यांचा बाजार वाढला होता, ही या तरतुदीची पार्श्वभूमी आहे.

भारतात ध्वनिमुद्रिकेवरील प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे लाखेच्या काळातील बहुतेक तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावरील हा प्रताधिकार आज संपलेला आहे. मूळ धातूचे साचे सर्वत्र टिकलेले नसल्याने असे पुनर्मुद्रण बहुधा एखाद्या संग्राहकाकडील तबकडीवरून किंवा आधीच्या सीडीवरून होते. येथे कायद्याने मुभा दिलेली असली, तरी मूळ सामग्री सांगण्याची नैतिक जबाबदारी उरते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणीवपूर्वक दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरू शकते.

संग्राहक आणि जतनसंस्थांची पद्धत

मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. संस्थेच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकात तबकड्यांच्या सूची, कलावंतांची माहिती आणि संग्राहकांचे लेख प्रसिद्ध झाले. अशा सूचींमुळे तबकडीचा क्रमांक, मातृका-क्रमांक, कंपनी आणि मुद्रणाचा काळ यांची सांगड घालता येते. मातृका-क्रमांक हा तबकडीच्या मध्यभागाजवळ कोरलेला असतो. लेबल चुकले किंवा बदलले तरी तो क्रमांक टिकून राहतो. म्हणून तबकडीची ओळख पटवण्यासाठी संग्राहक लेबलाहून त्यावर अधिक विसंबतात.

ध्वनी व दृक्श्राव्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनानुसार जतनासाठी घेतलेली प्रत शक्यतो कोणतेही संस्कार न करता ठेवावी. शुद्धीकरण केलेली प्रत वेगळी असावी आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहावी. ऐतिहासिक तबकडीच्या पुनर्मुद्रणासोबत पुढील माहिती दिल्यास श्रोता व अभ्यासक या दोघांचीही सोय होते :

• मूळ सामग्री : तबकडी, मातृफीत की तिची नक्कल, तबकडीचा व मातृकेचा क्रमांक.
• गती व पट्टी : वाजवताना धरलेली गती आणि ती ठरवण्याचा आधार.
• रूपांतर : डिजिटल प्रत घेतली असल्यास तिचा प्रकार.
• संस्कार : खरखर कमी करणे, ध्वनीचा समतोल बदलणे, संकलन किंवा कृत्रिम स्टिरिओ.
• कोरणी व छपाई : लॅकर कोणी कोरले, साच्यांचे टप्पे किती आणि छपाई कोठे झाली.

यांपैकी एखादी गोष्ट ज्ञात नसेल तर तसे स्पष्ट लिहिणे ही उत्तम प्रथा मानली जाते. रिकामी जागा चुकीच्या माहितीपेक्षा कमी हानिकारक असते, कारण पुढील अभ्यासकाला शोध कोठून सुरू करायचा हे तिच्यामुळे कळते.

व्हॉयेजरवरील तबकडी

तबकडीसोबत पुरेशी माहिती देण्याचे एक टोकाचे उदाहरण अल्लादिया खाँ यांच्याच परंपरेशी जोडलेले आहे. १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर १ व व्हॉयेजर २ या दोन्ही यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी बसवलेली आहे. पृथ्वीवरील निवडक संगीतात केसरबाई केरकर यांच्या भैरवीतील ‘जात कहाँ हो’ या सुमारे साडेतीन मिनिटांच्या मुद्रणाचा समावेश आहे. दुसऱ्या यानाचे ५ सप्टेंबर १९७७ रोजी उड्डाण झाल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाईंचे निधन झाले.

ही तबकडी ज्याला मिळेल त्याला पृथ्वीवरील भाषा, मिनिट किंवा सेकंद यांची ओळख असणार नाही. म्हणून तिच्या आवरणावर सुई कोठे ठेवावी याची आकृती कोरलेली आहे. तबकडीच्या एका फेऱ्यास लागणारा वेळ ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे, असा आहे. तो हायड्रोजन अणूतील संक्रमणाच्या कालावधीचे एकक वापरून द्विमान अंकांत दिलेला आहे. सोबत सुईही ठेवलेली आहे. ऐकणारा कोण असेल हे ठाऊक नसताना योग्य गती सांगण्याची ही काळजी घेण्यात आली. पृथ्वीवर प्रसिद्ध झालेल्या लाखेच्या असंख्य तबकड्यांवर ती गती छापली गेली नाही, आणि ती निश्चित करण्याचे काम संग्राहक व अभ्यासक आजही करत आहेत.

हेही पहा

• जयपूर-अत्रौली घराणे
• केसरबाई केरकर
• गायन समाज देवल क्लब, कोल्हापूर
• ग्रामोफोन
• प्रताधिकार